आपण नसताना विहिरीत पाणी असावे, असे का वाटावे?

काठावरची | ९ जून, रात्री ९.१२

मी तेहेतीस वर्षे विहिरींची पाणीपातळी मोजली. भूजल सर्वेक्षणासाठी गावोगावच्या काही विहिरी 'निरीक्षण विहिरी' म्हणून ठरवलेल्या असतात. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा वर्षातून चार वेळा तिथे जायचे, कठड्यावरच्या रंगाच्या खुणेपासून टेप सोडायचा आणि पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचे, एवढेच ते काम. एका विहिरीच्या एका नोंदीवरून काहीच कळत नाही. दहा वर्षांच्या नोंदी हाताशी असल्या तर पावसाचा चढउतार दिसू लागतो, आणि तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या, तरच आपण जमिनीत मुरते त्यापेक्षा अधिक पाणी उपसत आहोत की नाही, हे खात्रीने सांगता येते.

नोकरीत असताना मला हा प्रश्न कधी पडला नाही. मागच्या वर्षी हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे घरी पडून होते, तेव्हा जुन्या वह्या चाळताना तो पडला. एका विहिरीची मे महिन्यातली पातळी माझ्या पहिल्या वर्षी साडेसहा मीटरवर होती आणि निवृत्तीच्या वर्षी ती अकरा मीटरच्याही खाली गेली होती. मला फार वाईट वाटले, आणि त्याच क्षणी मनात आले, की हे वाईट मी नेमके कोणासाठी वाटून घेते आहे? त्या गावात माझे घर नाही, शेत नाही. मला मूलबाळ नाही. पुनर्जन्मावर माझा विश्वास नाही, त्यामुळे परत येऊन ते पाणी मलाच प्यायचे आहे, असेही म्हणता येत नाही. २०८० साली ती विहीर भरलेली असली काय आणि कोरडी असली काय, मला त्याचे सुखदुःख होण्यासाठी मी उरलेली नसेन. हे सगळे मला नीट समजते, आणि तरीही त्या विहिरीचा घोर काही जात नाही.

ज्यांना विचारले त्यांनी दोन उत्तरे दिली. 'आपल्या मुलाबाळांसाठी' हे पहिले. ते मला लागू पडत नाही, आणि ज्यांना लागू पडते त्यांच्याही बाबतीत ते नातवंडांपलीकडे फारसे पोचत नाही. दुसरे उत्तर पुण्याचे. त्या श्रद्धेचा मी आदर करते, पण ती माझ्यापाशी नाही. ही दोन्ही बाजूला ठेवून, ज्याला संतती नाही आणि परलोकही नाही अशा माणसाला आपल्या मरणानंतरच्या काळाची फिकीर करायला काही सबळ कारण आहे का? मनापासून विचारते आहे. सांत्वन नको, कारण हवे.

हिशेबनीस | ९ जून, रात्री १०.३५

ताई, अर्थशास्त्रात तुमच्या प्रश्नाला एक आकडा आहे आणि सगळा वाद त्या आकड्याभोवतीच चालतो. मुदतीची हुंडी आज वटवायची तर सावकार तिच्यातून वटाव कापून घेतो, हे आपल्याकडे जुन्या पेठांत सर्वांना ठाऊक होते. भविष्यातल्या नफ्यातोट्याची आजची किंमत काढताना अर्थतज्ज्ञ हेच करतात. शंभर वर्षांनी एक कोटी रुपयांचे नुकसान होणार असेल, तर दरसाल ५ टक्के वटावाने त्याची आजची किंमत सुमारे ७६ हजार रुपये भरते. म्हणजे ते टाळण्यासाठी आज एक लाख खर्च करणेही या हिशेबाने वेडेपणाचे ठरते. निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारसाठी २००६ मध्ये हवामानबदलाचा जो अहवाल तयार केला, त्यात हा दर सुमारे १.४ टक्के धरला होता. त्या दराने तेच एक कोटी आजचे जवळजवळ २५ लाख होतात. विल्यम नॉर्डहाउस यांच्यासारख्यांनी त्यावर आक्षेप घेतला, की बाजारात लोक प्रत्यक्षात एवढा कमी दर मानत नाहीत. नुकसान तेच आणि वर्षे तीच असताना नुसता दर बदलल्यावर एका जगाची किंमत तेहेतीस पटींनी बदलली.

या वटावाचे दोन भाग असतात आणि ते वेगळे करणे मला महत्त्वाचे वाटते. पुढचे लोक आपल्यापेक्षा सधन असतील, म्हणून त्यांच्या एका रुपयाचे मोल कमी धरावे, हा पहिला भाग मला पटण्यासारखा वाटतो. ते नंतरचे आहेत, एवढ्याच कारणाने त्यांचे सुख हलके धरावे, हा दुसरा भाग. फ्रँक रॅम्सी या केंब्रिजच्या तरुण गणितज्ञाने १९२८ साली लिहिले, की हा दुसरा भाग नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही आणि तो केवळ कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येतो. दोन वर्षांनी, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी तो वारला. आणि पहिला भागही पाण्याला लागू पडत नाही, कारण २०८० सालचा माणूस पैशाने श्रीमंत असेलही, पण कोरड्या खडकावर राहणारा माणूस पाण्याने श्रीमंत कसा असेल?

काठावरची | १० जून, सकाळी ७.०५

आभारी आहे. काळ पुढचा आहे म्हणून माणसाचे मोल घटत नाही, हे पटले. पण हे कारण डोक्याला पटते आणि तिथेच थांबते. कोणाचे मोल कमी नाही, एवढ्यावरून ती व्यक्ती माझी कोणी होत नाही.

जिरायती | १० जून, रात्री ८.५०

ताई, मी त्या खडकावर राहणारा माणूस आहे. सासवडच्या पूर्वेला आमची सात एकर जमीन आहे आणि तीत अंजीर व सीताफळ आहे. आमच्याकडचा काळा पाषाण म्हणजे काही स्पंज नव्हे. वरचा मुरूम, त्याखालचा मांजऱ्या नावाचा मऊ खडक आणि खडकातल्या फटी यांत जे काही मुरते तेवढेच आमचे पाणी. वडिलांच्या काळी विहिरीवर भागत होते. मी पहिले बोअर १८० फुटांवर घेतले, दुसरे ३५० आणि तिसरे ५२० फुटांवर. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरची, म्हणजे दोनशे फुटांच्या आतबाहेरची मर्यादा आहे, हे मला माहीत होते. तरीही घेतले, आणि ते मी इथे कबूल करतो.

मला पुढच्या काळाची फिकीर नव्हती म्हणून मी ते घेतले नाही. त्या वर्षी बागेवर कर्ज होते आणि बांधाला लागून असलेल्या शेतात चारशे फुटांचे बोअर चालू झाले होते. मी थांबलो असतो तर ते पाणी २०८० साठी शिल्लक राहिले नसते, ते पुढच्याच आठवड्यात शेजारच्या पाइपातून वर आले असते. म्हणून मला असे वाटते, की माणसाला कारणांची कमतरता नसते, त्याला सोबतीची कमतरता असते. एकट्याने राखलेले पाणी उद्यापर्यंत पोचत नाही, आणि हे एकदा कळले की माणूस उद्याचा विचार करणेच सोडून देतो, कारण तो विचार नुसता छळतो.

आमच्याच तालुक्यात नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नव्हता, घरातल्या माणसांच्या डोक्यांवर होता. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी. भूमिहीनालाही वाटा होता, उसाला मनाई होती, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येत नसे. हे नियम मी लहानपणी घरी ऐकले तेव्हा ते मला गरिबांच्या न्यायाचे वाटले होते. आता वाटते की ते काळाचेही नियम होते, कारण वाटा डोक्यावर मोजायचा असे एकदा ठरले, की अजून न जन्मलेले डोकेही मोजणीत आणता येते, आणि एकरांवर मोजले तर ते कधीच येत नाही.

उंबरठा | ११ जून, सकाळी ११.२०

मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी आहे. जिरायती दादांनी 'न जन्मलेले डोके' म्हटले आहे, तिथेच एक मोठी अडचण लपलेली आहे. आपण आज कोणता मार्ग धरतो त्यावर कोण कुठे राहील, कोणाचे कोणाशी लग्न होईल आणि कोणते मूल जन्माला येईल, हेही बदलते. गावात पाणी टिकले तर एक माणसे जन्मतील, आणि पाणी संपून गाव पुण्या-मुंबईला गेले तर दुसरीच जन्मतील. मग त्या दुसऱ्यांना 'तुमचे आम्ही वाईट केले' असे म्हणता येईल का? आपण वेगळे वागलो असतो तर ती माणसे मुळी जन्मलीच नसती.

मी यावर बरेच दिवस अडकले होते आणि मला वाट सापडली ती एका बोअरच्या तोंडाशी. आटलेले बोअर उघडे टाकल्यामुळे लहान मुले आत पडतात, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो. त्यासाठी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नियम घालून द्यावे लागले. समजा, मी आज माझे बोअर उघडे सोडले आणि बारा वर्षांनी त्यात चार वर्षांचे मूल पडले. 'मी बोअर उघडे सोडले तेव्हा हे मूल जन्मलेच नव्हते, त्यामुळे माझे त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते,' असे मी म्हटले, तर जगातले कोणतेही न्यायालय आणि कोणतीही आई ते ऐकून घेणार नाही. म्हणजे झाकण लावण्याचे कर्तव्य कोणा विशिष्ट मुलापाशी बांधलेले नसते. जो कोणी तिथे चालत येईल, त्याच्यासाठी ते असते. मूल कोणाचे, त्याचे नाव काय, आपण वेगळे वागलो असतो तर ते जन्मले असते का, यांतला एकही प्रश्न झाकण लावताना विचारावा लागत नाही.

चिखलदरा | ११ जून, दुपारी ३.१५

मी हे सगळे आदराने वाचले, पण मला विरोधही नोंदवायचा आहे. मी मेळघाटात कुपोषित मुलांसाठी काम करते. इथे पावसाळ्यात वजन घटलेले मूल पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहील का, हा आमच्या भविष्याचा आवाका आहे. २०८० च्या माणसाविषयी बोलताना आपण इतके हळवे होतो, आणि आज जन्मलेल्या मुलासाठी मात्र निधी नाही असे ऐकून घेतो, याचा मला त्रास होतो. जो अजून नाही त्याच्यावर प्रेम करणे सोपे असते, कारण तो काही मागत नाही, रात्री तापाने फणफणत नाही आणि आपल्या दारात येऊन बसत नाही. दूरच्या काळाची आस्था ही जवळच्या माणसापासून सुटण्याची पळवाट होऊ नये, एवढेच सांगते.

काठावरची | ११ जून, रात्री ९.४०

चिखलदरा ताई, तुमचा आक्षेप मी टाळणार नाही. पैसा एकच असेल आणि तो आजच्या मुलाला द्यायचा की पन्नास वर्षांनंतरच्या झऱ्याला, असे खरोखरच निवडावे लागले, तर मी मुलाला देईन आणि मला त्याबद्दल अपराधी वाटणार नाही. पण माझ्या तेहेतीस वर्षांच्या फिरतीत तशी निवड समोर आल्याचे मला आठवत नाही. मे महिन्यात ज्या वस्तीची निरीक्षण विहीर तळाला गेलेली असे, त्याच वस्तीतल्या बायका हंडे घेऊन सर्वांत दूर चालत असत, आणि तिथलीच मुले सर्वांत हडकलेली असत. खोल बोअर घेणारा उद्याचे पाणी उपसतो, तेव्हा सर्वांत आधी कोरडी पडते ती शेजारच्या गरिबाची उथळ विहीर. न जन्मलेल्याला ग्रामसभेत हात वर करता येत नाही, आणि त्या बाईलाही तिथे बोलू दिले जात नव्हते. दोघांचे पाणी एकाच पाइपातून जाते, असे मी पाहिले आहे. तुमचा इशारा मात्र लक्षात ठेवीन.

शब्दचिठ्ठी | १२ जून, सकाळी १०.०५

ताईंनी 'कारण हवे' म्हटले आहे. मी कारण देऊ शकेन की नाही माहीत नाही, पण मी जिथे तरुणपणी तीन वर्षे काम केले तिथली एक गोष्ट सांगते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा एक महाकोश तयार होत आहे. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली त्याचा आरंभ केला. वेदांपासून अलीकडच्या शतकांपर्यंतच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचायचे आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ काळानुसार कसकसा बदलत गेला, हे अवतरणांसह दाखवायचे, अशी ती योजना. पहिली पंचवीस वर्षे केवळ चिठ्ठ्या तयार करण्यात गेली. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो जिथे आला ते वाक्य आणि त्याचे स्थळ. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या झाल्या. छापील कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये डॉ. अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली बाहेर आला. आजवर सुमारे पस्तीस खंड निघाले, आणि कोश अजून 'अ' या पहिल्याच अक्षराच्या शब्दांत आहे. कत्रे गेले, घाटगे गेले, आणि चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांपैकीही बहुतेक जण गेले असतील.

मी तिथे असताना एकदा चुकून 'ह'चा खण उघडला. आत १९५०-६० च्या दशकांतल्या चिठ्ठ्या होत्या, वळणदार, सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या आणि ओळीत लावलेल्या. ज्याने त्या लिहिल्या त्याला वर्णमाला पाठ होती. 'ह' शेवटी येतो, आणि या खणाची पाळी आपल्या हयातीत तर नाहीच, पण आपल्या मुलांच्याही हयातीत येणार नाही, हे त्याला कळत असलेच पाहिजे. तरीही त्याचे अक्षर 'अ'च्या चिठ्ठ्यांवर असते तेवढेच काळजीपूर्वक होते. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, की चिठ्ठी लिहिताना खाडाखोड करू नकोस, कारण ती वाचणाऱ्याला तुझ्याकडे येऊन विचारता येणार नाही.

त्या एका वाक्याने माझे हात बदलले. मला त्या वाचणाऱ्याविषयी प्रेम वाटले असे मी म्हणणार नाही, कारण तो कोण हे मला माहीत नव्हते. पण काम नीट करणे म्हणजे काय, या प्रश्नाच्या उत्तरात तो आधीपासूनच बसलेला होता. त्याला तिथून उठवले असते, तर ते काम म्हणजे कागदाचे तुकडे उरले असते.

वळचण | १२ जून, दुपारी १२.३०

संतती नसण्याचा मुद्दा ताईंनी काढला, म्हणून रघुनाथ धोंडो कर्वे यांची आठवण करून देतो. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकीवर पाणी सोडले, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मधल्या मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवले. खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी निकाल विरुद्धच गेला. कर्वे आणि मालतीबाई यांनी स्वतःला मूल होऊ न देण्याचे विचारपूर्वक ठरवले होते. म्हणजे ज्या माणसाचा वंश त्याच्याच निर्णयाने थांबला, त्याने आयुष्यभर अपमान सोसले ते पुढे जन्मणाऱ्या बायकांचे बाळंतपण त्यांच्या स्वतःच्या हाती असावे म्हणून. त्यांचा परलोकावर विश्वास नव्हता. ताईंनी ज्या दोन अटी घातल्या आहेत, त्या दोन्ही पाळून जगलेला माणूस आपल्याच भाषेत लिहून गेला आहे.

भोगावती | १२ जून, सायंकाळी ६.१०

मी राधानगरीच्या खालच्या अंगाला राहतो. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आमचे धरण मनावर घेतले. पैशाअभावी काम मध्येच थांबले, ६ मे १९२२ रोजी महाराज गेले, संस्थानही पुढे विलीन झाले, आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांना महाराजांच्या हुकमाचे बंधन राहिलेले नव्हते. पावसाळ्यात त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने उघडतात, तेव्हा आमच्या घरात सगळे बोलायचे थांबतात. मला नेहमी वाटते, की अर्धवट काम सोडून जाणे हेही एक प्रकारचे देणे असते, मात्र त्याचा पाया पक्का असला पाहिजे.

सातेरी | १३ जून, सकाळी ९.२५

मी गोव्याची. जिरायती दादांचा 'सोबती'चा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण आमच्याकडे त्याची दोन्ही टोके पाहायला मिळतात.

आमची खाजने म्हणजे खाडीकाठची, बांध घालून मिळवलेली शेते. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध असतो आणि पाण्याची ये-जा राखायला 'मानस', म्हणजे लाकडी दरवाज्यांची मोरी असते. ही व्यवस्था गांवकारीने, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेने, शतकानुशतके चालवली. बांध एकदा बांधून भागत नाही, त्याला दर वर्षी माती लावावी लागते, आणि एका वर्षीची हयगय पुरते. एक भगदाड पडले की खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते. ते कोणाचा सातबारा पाहून थांबत नाही. शेतीतले लक्ष उडाले आणि गांवकारीची पकड सुटली, तशी कितीतरी खाजने खाऱ्या पाण्याखाली गेली. माझ्या आजोळची शेते आज खारफुटीत आहेत. मामांना जाऊन वीस वर्षे झाली, पण शेवटच्या आजारातही ते बांधाविषयी विचारत, आणि आम्ही त्यांना खरे सांगत नव्हतो. त्याचे मला अजून वाईट वाटते.

दुसरे टोक खाणींचे. २१ एप्रिल २०१४ रोजी गोव्याच्या लोहखनिजासंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की विक्रीच्या रकमेपैकी १० टक्के एका कायमस्वरूपी निधीत टाकावेत. त्यामागचा विचार दोन पिढ्यांमधल्या न्यायाचा होता. डोंगर एकदाच खणता येतो. आमच्या पिढीने तो विकून खाल्ला, तर पुढच्यांच्या हाती खड्डा येतो. मूळ वस्तू गेली तरी तिच्या किमतीचा काही अंश तरी राखून ठेवा, असा हा आदेश आहे. १० टक्के पुरेसे आहेत असे मी म्हणत नाही, माझ्या मते ते फारच थोडे आहेत. पण न जन्मलेल्यांच्या नावाने काहीतरी बाजूला काढणे हा आता कोणा भल्या माणसाच्या मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही. शेजारी थांबणार नाही ही भीती असेल, तर शेजाऱ्यालाही थांबवणारी अशी व्यवस्था लागते, आणि ती बांधासारखी दर वर्षी राखावीही लागते.

शिळा | १३ जून, रात्री ८.००

थोडी वेगळी भर घालतो. कोकणात आणि देशावर शिलाहार-यादवांच्या काळातले गद्धेगाळ नावाचे कोरीव दगड सापडतात. वर सूर्य आणि चंद्र कोरलेले, मध्ये दानाचा लेख, आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली गाढवाची शिवी चित्ररूपात. सूर्यचंद्र आहेत तोवर हे चालावे, 'आचंद्रार्क' चालावे, अशी इच्छा. आणि पुढचा राजा ते मोडेल, ही भीती. ताम्रपटांत एक श्लोक पुन्हा पुन्हा येतो: ही भूमी सगरादी अनेक राजांनी भोगली, ज्या वेळी ती ज्याची असते त्या वेळी तिचे फळही त्याचे असते. पूर्वी मी हे दगड सत्तेचे म्हणून पाहत असे, पण आता मला ते विनवणीचे दिसतात. एवढा समर्थ राजा, पण आपल्या दानाचे पुढे काय होणार हे ठरवणे त्याच्या हाती नाही. ते अजून न जन्मलेल्या, त्याला न ओळखणाऱ्या कोणाच्या तरी हाती आहे, म्हणून तो आधी विनवतो आणि मग शिवी देतो.

काठावरची | १५ जून, पहाटे ५.३०

सगळ्यांचे प्रतिसाद मी दोन-दोनदा वाचले. शिळा यांनी लिहिलेले वाचल्यापासून नीट झोप लागलेली नाही, आणि म्हणून या वेळी लिहिते आहे.

मी प्रश्न उलट्या बाजूने धरला होता, असे मला आता वाटते. पुढचे लोक आमच्यावर अवलंबून आहेत, मग आम्ही त्यांच्यासाठी काही का करावे, असे मी विचारत होते. पण मीही त्यांच्यावर अवलंबून आहे. मी एका मे महिन्यात, बेचाळीस अंशांच्या उन्हात, एका विहिरीच्या कठड्यावर ओणवी होऊन 'आठ मीटर दहा सेंटिमीटर' असे लिहिले. ती नोंद खरी होती, पण तिला अर्थ त्या दिवशी आलेला नव्हता. माझ्यानंतर कोणी टेप सोडला नाही, तर तो कधीच येणार नाही. मी स्वतःला विचारून पाहिले, की माझ्या मरणानंतर महिन्याभरात सगळे जगच संपणार आहे असे मला खात्रीने माहीत असते, तर त्या उन्हात मी टेप सोडला असता का? मी गाडीतच बसून राहिले असते. म्हणजे जे काम मी माझे म्हणत होते, ज्यात माझी उमेद गेली, ते मुळी त्या लोकांच्या भरवशावर उभे होते. ते आहेत असे धरूनच मी जगत आले, फक्त कधी म्हटले नव्हते. शब्दचिठ्ठी यांनी म्हटले, की वाचणारा कामात आधीपासूनच बसलेला होता. माझ्याही वहीत तो होता. म्हणूनच तर मी प्रत्येक विहिरीची खूण कठड्याच्या कोणत्या अंगाला आहे, हे चित्र काढून ठेवत असे.

यावरून कर्तव्य सिद्ध होते की नाही, ते उंबरठा यांनी सांगावे. चिखलदरा ताईंच्या मुलाचे वजनही यामुळे वाढत नाही, हेही मला कळते. पण माझ्या वाईट वाटण्याला आता धनी सापडला आहे. त्या विहिरीत २०८० साली पाणी असावे असे मला वाटते, कारण तिच्या काठावर जे सुरू झाले त्यात मी मधली होते आणि मला ते तुटायला नको आहे. राधानगरीचा पाया वाया जाऊ नये, तसेच.

आता कामाचे. माझ्या नोंदी कार्यालयात रीतसर जमा आहेत. पण त्याशिवाय मी स्वतःसाठी ठेवलेल्या एकोणीस वह्या घरी आहेत. त्यांत गावकऱ्यांनी सांगितलेल्या जुन्या पातळ्या, दुष्काळातल्या खुणा, कोणत्या साली कोणते झरे आटले अशी माहिती आहे. त्यांच्या प्रती ज्या त्या गावाला द्याव्यात असे मनात आहे. जिरायती दादा, तुमच्या गावची विहीर त्यांत असण्याची शक्यता आहे. देवळाच्या मागे, चिंचेच्या बाजूला, आठ कोनांची?

जिरायती | १५ जून, रात्री १०.२०

तीच. चिंच मागच्या वादळात पडली, पण विहीर आहे. वही पाठवा. ग्रामसभेत वाचून दाखवीन, आणि माझे तिसरे बोअर बंद करण्याविषयीही त्याच सभेत बोलेन. मात्र एकट्याचे नाही, सगळ्यांच्या खोल बोअरविषयी बोलेन, नाही तर त्याला अर्थ राहणार नाही. सातेरी ताईंनी बांधाचे सांगितले तेही सभेत सांगण्यासारखे आहे. लोक लगेच ऐकतील असे वाटत नाही.

उंबरठा | १६ जून, सकाळी ८.१५

ताई, यातून कर्तव्य सिद्ध होत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ज्याने असे काही काम हाती घेतलेलेच नाही, त्याला हे कारण बांधून ठेवणार नाही. त्याच्यासाठी बोअरचे झाकणच हवे. पण तुम्ही कर्तव्य विचारले नव्हते, कारण विचारले होते.

जिरायती | १४ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४५

धागा वर काढत आहे. वही मिळाली. ग्रामसभा दोनदा झाली. नवे खोल बोअर घ्यायचे नाही असा ठराव पहिल्या सभेत पडला आणि दुसऱ्या सभेत तीन मतांनी मंजूर झाला. जुन्यांविषयी भांडण चालू आहे. माझे तिसरे बोअर मी बंद करून त्याला झाकण लावले आहे.

आज सकाळी धाकट्या मुलीला घेऊन विहिरीवर गेलो. तुमच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे पूर्वेच्या अंगाला, कठड्याच्या दुसऱ्या थरावर, शेवाळाखाली तुमची पांढरी खूण सापडली. ती पुन्हा रंगवली. टेप तिने सोडला आणि मी लिहिले: ऑक्टोबर, पाणी कठड्याच्या खुणेपासून ५ मीटर ६० सेंटिमीटर. जानेवारीची मोजणी कोणत्या तारखेच्या आसपास करायची, ते सांगावे.